गाणं आणि चित्रकला दोन्ही शिकायचंय, लिबरल आर्ट्सला घालावं का?

सांगलीकर_सई
नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावीला आहे. गाण्यात विशारद प्रथमला बसणार, चित्रकलेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड, आणि दोन्हीतलं एकही सोडायची तिची तयारी नाही. आम्ही घरात धरून चाललो होतो की सीईटी देऊन मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टला नाहीतर पुण्यात बीएफए, म्हणजे चित्रकलेची डिग्री, करेल आणि गाणं गुरुजींकडे चालू राहील, किंवा उलट, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गाणं आणि चित्रं घरी. आता तिने तिसरंच काढलंय. तिला लिबरल आर्ट्सला जायचंय, म्हणजे म्युझिक आणि व्हिज्युअल आर्ट एकाच डिग्रीत, शिवाय मानसशास्त्र, इतिहास, जे आवडेल ते. यादीत पुण्याचं फ्लेम आहे, हरियाणातलं अशोका आहे आणि अमेरिकेतलं वेस्लियन आहे.

माझं मत आधी सांगते, मग तुम्ही बोला. मला हे पटत नाहीये. पैशाचा भाग आहेच पण तो नंतर. गाणं काय किंवा चित्र काय, अंगात मुरायला वर्षं जावी लागतात. सकाळी सबमिशन, दुपारी सेमिनार, संध्याकाळी प्रेझेंटेशन, यात खर्जाचा रियाज कधी करायचा? दोन्हीची ओळख होईल आणि येणार काहीच नाही अशी भीती वाटते. जे स्वतः असं शिकलेत किंवा ज्यांची मुलं शिकतायत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. "तिच्या मनासारखं करू द्या" एवढंच लिहायचं असेल तर ते घरात रोज ऐकतेय :)

पंतांचा_नातू
"पण पुढे करणार काय?" हा प्रश्न मीच विचारून टाकतो, म्हणजे बाकीचे मोकळे.

परदेशी_पाखरू
सईताई, मी वेस्लियनलाच होते, म्युझिक आणि स्टुडिओ आर्ट असं डबल मेजर, म्हणजे दोन मुख्य विषय घेऊन, केलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी एक स्पष्ट करते, ते कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे फक्त संगीताची शाळा, नाही. बीए मिळतं. अमुक विषय घ्यायलाच पाहिजेत अशी सक्तीची यादी जवळजवळ नाही, एकूण ३२ क्रेडिट्स भरायचे, त्यात मेजरचे, बाकी तुमच्यावर. तिथला म्युझिक विभाग वर्ल्ड म्युझिकसाठी १९६०च्या दशकापासून नावाजलेला आहे. कर्नाटक संगीत तिथे पिढ्यान् पिढ्या शिकवलं जातंय, भरतनाट्यमच्या बालसरस्वतींचे भाऊ टी. विश्वनाथन आणि टी. रंगनाथन दोघंही तिथे शिकवायचे, आणि दर शरद ऋतूत नवरात्र महोत्सव होतो. पण ख्यालाचे गुरू तिथे मिळतील असं धरून जाऊ नका. मी पुण्यातल्या माझ्या बाईंकडेच ऑनलाइन शिकत राहिले. आपले संध्याकाळचे सात म्हणजे तिथले उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. ही वेळ क्लास निवडतानाच राखून ठेवायची, नंतर सापडत नाही.

मग तिथे मिळालं काय? एकच सांगते. पहिल्या सेमिस्टरला मी जावाचं गमेलान, म्हणजे गोंग आणि धातूच्या वाद्यांचा त्यांचा वाद्यवृंद, घेतलं. चपला बाहेर काढून आत जायचं, खाली बसायचं, वाद्य ओलांडायचं नाही. वाटलं, हे तर आपल्यासारखंच. वाजवायला लागल्यावर घोळ सुरू. आपली सम पहिल्या मात्रेवर, आणि त्यांचा मोठा गोंग पडतो आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर. सगळं वजन शेवटाकडे सरकत जातं. तीनतालात वाढलेलं अंग "धा"ला उसळतं, आणि तोवर गोंग होऊन गेलेला असतो. सुरांचंही तसंच. स्लेंद्रो म्हणून त्यांची पाच सुरांची स्वररचना आहे, सुरुवातीला कानाला भूप वाटतो, पण पाचही सुरांमधली अंतरं जवळजवळ सारखी असतात, त्यामुळे आपला गंधार शोधायला गेलं की सापडतच नाही. त्या वर्षी सुट्टीत घरी येऊन बाईंसमोर भूप गायला बसले तेव्हा गंधार किती नेमक्या जागी ठेवावा लागतो ते पहिल्यांदा आतून कळलं. इतकी वर्षं तो आपोआप लागत होता, म्हणून कधी ऐकलाच नव्हता.

चित्रकलेत ड्रॉइंग वन आधी करावंच लागतं, मग पेंटिंग, प्रिंटमेकिंग वगैरे. मी वुडकट आणि एचिंगमध्ये रमले. दर थोड्या दिवसांनी क्रिट असतो, सगळ्यांची कामं भिंतीला टाचायची आणि ज्याचं काम त्याने गप्प बसायचं, बाकीचे बोलणार. स्पर्धेत बक्षिसं मिळवून गेलेल्या मुलांना हे फार जड जातं, कारण तिथे "छान आहे" हे उत्तरच धरत नाहीत, ही रेघ इथे का थांबली ते सांगा म्हणतात.

रियाज मात्र कोणी टाइमटेबलमध्ये घालून देत नाही. मुलगी इथून रोजची सवय घेऊन गेली असेल तर टिकतो. नसेल तर पहिल्या मिडटर्मला गळतो.

कोळशाची_कांडी
पाखरूताईंचं वाचून छान वाटलं पण मी सईताईंच्या बाजूने. बोलायला शिकतात हे कबूल. हात कुठाय?

मी जेजेचा. १८५७ पासून ती शाळा उभी आहे आणि २०२३ला अभिमत विद्यापीठही झाली, अभ्यासक्रमावर पोटभर टीका करा, मीही करतो, पण फाउंडेशनला जे होतं त्याला पर्याय नाही. स्टुलावर एक मडकं, मागे एक कापड सोडलेलं. सकाळचा उजेड डावीकडून. दिवसभर तेच. पहिल्या तासात वाटतं झालं की काढून. मग दिसायला लागतं की कापडाच्या घडीत सावलीची एक कड मऊ आहे आणि दुसरी सुरीने कापल्यासारखी, आणि मडक्याच्या पोटाखालच्या काळ्या भागात जमिनीवरून उलटा आलेला उजेड आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मडकं. चाळीस-पन्नास पोरं आजूबाजूला तेच करतायत आणि शेजाऱ्याचं तुमच्यापेक्षा चांगलं होतंय हेही दिसतंय. चार वर्षं रोज हे झालं की हाताला जे येतं ते आठवड्यातल्या दोन स्टुडिओ क्लासमध्ये येणार नाही. गाणाऱ्या मंडळींना हे मी काय सांगायचं, पलटे म्हणजे दुसरं काय असतं.

आगरेवाली
कोळशाची_कांडी, पलट्यांचं अगदी बरोबर. पण दोन कला एका घरात नांदत नाहीत असं कोणी म्हणू नये म्हणून आठवण करून देते. हातात समई घेतलेल्या बाईचं ते जलरंगातलं चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, ते काढणारे सावळाराम हळदणकर तुमच्याच जेजेचे. आणि त्यांचे चिरंजीव म्हणजे आमच्या आग्रा घराण्याचे पं. बबनराव हळदणकर. "रसपिया" नावाने किती बंदिशी करून ठेवल्यात. बापाची पेटी रंगांची आणि मुलाची सुरांची.

कोळशाची_कांडी
@आगरेवाली, उदाहरण लाखाचं. पण बघा, त्या घरातसुद्धा वडिलांनी चित्रं काढली आणि मुलगा गायला. एकाच माणसाने चार वर्षांत दोन्ही केलं नाही.

आगरेवाली
तो मुलगा रंगांच्या वासात वाढला की नाही? मी तेवढंच म्हणतेय.

दख्खनी
मी कलेच्या इतिहासाचा विद्यार्थी, मला लिबरल आर्ट्सच्या बाजूने एक मुद्दा टाकायचाय. रागमाला चित्रं घ्या, म्हणजे एकेका राग-रागिणीचं चित्र. दख्खनमध्ये, अहमदनगरच्या निजामशाहीच्या भागात सोळाव्या शतकाच्या शेवटी काढलेली रागमालेची पानं आहेत. जो फक्त चित्रकला शिकलाय तो त्यातला रंग आणि रचना सांगतो, जो फक्त गाणं शिकलाय तो म्हणतो आम्ही गातो तो हा राग नव्हेच, आणि दोघंही खरं बोलतात. ही नायिका या रागिणीला का, तेव्हाचा राग आणि आजचा राग एकच आहे का, चित्र आधी की रागाचं वर्णन करणारा ध्यानश्लोक आधी, हे विचारायला दोन्हीकडचं थोडं थोडं येणारा माणूस लागतो आणि तो आपल्याकडे तयारच होत नाही. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह स्वतः गाणारा, त्याच्या तंबोऱ्याला मोतीखान असं नाव होतं, आणि त्याच्याच दरबारात चित्रकार काम करत होते. त्यांना विचारलं असतं की तुमची फॅकल्टी कुठली, तर काय सांगितलं असतं?

पंतांचा_नातू
तंबोऱ्याला नाव! आमच्या घरी स्कूटरला होतं फक्त.

बडोदेकर_जोशी
फॅकल्टीचा विषय निघालाच आहे तर बडोद्याचं सांगतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठात दोन्ही आहे. गायनशाळा १८८६ची, मौलाबक्षांनी सुरू केलेली, तीच आज परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी, सूरसागर तलावासमोर. आणि फाइन आर्ट्स १९५०ची, आपले चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे सुरुवातीपासून शिकवायला होते. म्हणजे सगळं एका विद्यापीठात. पण प्रवेश एकाच फॅकल्टीला मिळतो, दुसरीकडे तुम्ही पाहुणे. तरीसुद्धा आमच्या वेळी फाइन आर्ट्सची पोरं संध्याकाळी मैफिलींना जाऊन स्केचबुकं भरायची, आणि नवरात्रात फाइन आर्ट्सच्या गरब्याला सगळं बडोदं लोटतं ते वेगळंच. सईताई, फी बघता हा पर्याय यादीत टाकाच. चित्रकलेची डिग्री आणि त्याच गावात गाण्याचे गुरू, दोन्ही जमतं.

तिसऱ्या_वर्षाची
हाय ऑल, मी सध्या पुण्याजवळच्या एका लिबरल आर्ट्स युनिव्हर्सिटीत थर्ड इयरला आहे, मेजर सायकॉलॉजी, मायनर म्हणजे दुय्यम विषय म्युझिक. काकू, एक गोष्ट नक्की चेक करा, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी परफॉर्मिंग आर्ट्स किंवा व्हिज्युअल आर्ट्स हे मायनर म्हणून असतं, मेजर वेगळं घ्यावं लागतं. म्हणजे "दोन्ही एकाच डिग्रीत" हे तिला वाटतंय तसं असेलच असं नाही. ओपन डे ला जाऊन थेट विचारा की म्युझिकच्या फुलटाइम फॅकल्टी किती, व्हिजिटिंग किती, वोकल वन-टू-वन मिळतं का ग्रुपमध्ये.

आमच्याकडे प्रॅक्टिस रूम आहेत पण तंबोरे कपाटात आणि कपाटाची चावी ऑफिसमध्ये, ऑफिस पाचला बंद. शेजारच्या खोलीत ड्रमसेट. मी पहाटे टेरेसवर गाते, वॉचमनकाका आता न विचारता दार उघडून ठेवतात. पण खरं सांगू, मेमरी आणि अटेन्शनवरचा कोर्स केल्यावर मी बंदिश पाठ करायची पद्धतच बदलली, आणि माझी रूममेट फिल्म करते तिच्या डॉक्युमेंटरीला मी गायले. हे मला साध्या बीए म्युझिकला मिळालं नसतं. माझं गाणं माझ्या क्लासच्या मैत्रिणींपेक्षा मागे पडलंय का? हो, तयारीत पडलंय. मला ते चालतंय. तुमच्या मुलीला चालेल का ते तिला विचारा, तुम्ही ठरवू नका प्लीज.

हिशोबनीस
आता पैशाचं बोलू, नाहीतर सगळे रंगात आलेत. इथल्या खासगी लिबरल आर्ट्सला राहणं-खाणं धरून वर्षाला १० लाखांच्या वर धरा. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजला सगळं मिळून वर्षाला ८० हजार डॉलरच्या वरच धरा. मदत मिळते, पण बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत मदत मागितलीय का ते प्रवेश देताना बघतात. न बघणारी थोडीच, त्यात लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणाल तर अॅमहर्स्ट, बोडन ही नावं येतात. नुसतं एकाच नावावर न अडकता तिथेही अर्ज करा. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, काम करायला मिळतात १२ महिने, सायन्स-टेक्नॉलॉजीवाल्यांना जी दोन वर्षं जास्तीची मिळतात ती म्युझिक-आर्टला नाहीत. घर गहाण ठेवून या विषयाला पाठवू नये, हे मी रागावून नाही, काळजीने लिहितोय.

संत्रानगरीचा_मास्तर
पंतांच्या नातवाने विचारलेला प्रश्न तसाच पडून राहिला ना बाप्पा. मी शाळेत कलाशिक्षक आहे म्हणून सांगतो. महाराष्ट्रात शाळेत चित्रकलेची नोकरी धरायची तर एटीडी, एएम, बीएफए असं काहीतरी लागते. लिबरल आर्ट्सची बीए, त्यात व्हिज्युअल आर्ट मायनर, हे त्या जाहिरातीत बसत नाही. पोरीला उद्या गावाकडे येऊन स्थिर नोकरी पाहिजे असंन तर हे आधीच माहीत असलेलं बरं. बाकी म्युझियम, डिझाइन, साउंड, पुढे एमए, हे रस्ते आहेत, पण ते मोठ्या शहरात.

सतारमेकर_गल्ली
मिरजेचा आहे, वाद्यांचं काम घरचंच. परदेशी जाणार असेल तर तंबोऱ्याचं आत्ताच बघा म्हणून लिहितो. २०२४ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, चौकशीला लोक वाढलेत, चांगलं वाद्य ऑर्डर देऊन करून घ्यायला वेळ लागतो. भोपळा पंढरपूरकडचा येतो, तो वाळलेला असला तरी हवा लागतेच त्याला. अमेरिकेत थंडीत खोल्या हीटरने तापवतात, हवा कोरडी पडते, जोड सुटतात, भोपळ्याला चीर जाते. हीटरपासून लांब ठेवायचा, खोलीत ह्युमिडिफायर लावायचा. विमानात नेताना तारा सैल करून, कडक पेटीत. आणि जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावायला तिला इथेच शिकवून पाठवा. तारेखालचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवला की आवाज कसा उघडतो नि कसा मिटतो ते स्वतःच्या हाताने कळलं पाहिजे, तिकडे कोणाला बोलावणार? सांगलीहून यायला कितीसा वेळ लागतोय, पाठवा एखाद्या रविवारी, शिकवतो.

पंतांचा_नातू
मोबाइलवर तंबोरा मिळतो की हो आता.

सतारमेकर_गल्ली
मिळतो. जेवणाचा फोटोपण मिळतो.

ओहायोची_मावशी
विषय वेस्लियनचा आहे पण ओबर्लिनचंही बघा. तिथे कॉलेज आणि कॉन्झर्व्हेटरी एकाच आवारात, पाच वर्षांत बीए आणि बॅचलर ऑफ म्युझिक अशा दोन डिग्र्या करता येतात. कॉन्झर्व्हेटरीला ऑडिशन असते आणि भर पाश्चात्त्य संगीतावर, त्यामुळे ख्याल गाणाऱ्या मुलीला ते दार अवघड, पण बीएकडून जाता येतं. आणि चित्रं शिकणाऱ्यांसाठी तिथली एक गोष्ट मला फार आवडते. कॉलेजच्या म्युझियममधून मुलांना खरी चित्रं भाड्याने मिळतात, १९४० पासून ही प्रथा आहे, सेमिस्टरला ५ डॉलर. पिकासोसुद्धा! मुलं आदल्या रात्रीपासून हिरवळीवर रांग लावून झोपतात. खरं चित्र रोज उठल्यावर समोर असणं आणि पुस्तकात बघणं यात किती फरक आहे.

कोळशाची_कांडी
मावशी, हे मात्र आम्हाला जेजेत मिळालं असतं तर मी अजूनही तिथेच असतो!

सईताई, मूळ प्रश्नावर परत येतो. एवढं वाचून माझं मत हललेलं नाही, पण प्रश्न थोडा वेगळा विचारावा असं वाटतंय. दोन्हीपैकी कुठल्या कलेत तिला रोज समोर बसून चुका काढणारा माणूस हवाय? ती कला कॉलेजवर सोडू नका. चित्रकला असेल तर जेजे, बडोदा, शांतिनिकेतन, कुठेही, पण बीएफए. गाणं असेल तर गुरू सुटता कामा नये, मग डिग्री लिबरल आर्ट्सची घेतली तरी माझी हरकत नाही.

परदेशी_पाखरू
कांडी, आपण दोघं एकच म्हणतोय. माझं गाणं बाईंकडे होतं म्हणून मी कॉलेजात बाकीचं निर्धास्तपणे करू शकले. ट्रान्सक्रिप्टवर ख्यालाचा एकही क्रेडिट नाही माझ्या, आणि रोज केलेली गोष्ट तीच एक होती.

सांगलीकर_सई
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीलाही वाचायला दिलं. तिसऱ्या_वर्षाचीचं तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली की तयारीत मागे पडणं मला चालणार नाही, गाण्यात तर नाहीच. मग कोळशाची_कांडी यांचा प्रश्न मी तिला विचारला. ती म्हणाली, गुरुजी. म्हणजे गाणं गुरुजींकडेच राहणार हे तिच्याही मनात पक्कं आहे, तिला कॉलेजात हवीयेत ती चित्रं आणि बाकीचं जग. हे मला आजवर कळलं नव्हतं कारण आमचं बोलणं फॉर्म आणि फी यावरच अडायचं. बडोदा यादीत घातलंय, सीईटीचाही अभ्यास चालू राहील, आणि मदत मिळाली तरच अमेरिका हे ह्यांनी आणि मी मिळून सांगितलंय, तिला मान्य आहे. माझी भीती पूर्ण गेली नाहीये, पहाटे टेरेसवर गाण्याची चिकाटी हिच्यात आहे का ते बघायचंय अजून.

पाखरूताई, एक विचारते. अर्जाबरोबर गाण्याचं रेकॉर्डिंग आणि चित्रांचा पोर्टफोलिओ देता येतो म्हणे. गुरुजी म्हणतात विलंबित यमन पाठवा, चांगला अर्धा तास. चालेल का?

परदेशी_पाखरू
अर्धा तास कोणी ऐकणार नाही हो ताई, गुरुजींना माझा नमस्कार सांगून समजवा. बऱ्याच कॉलेजांत हे स्लाइडरूम नावाच्या वेबसाइटवरून द्यायचं असतं आणि वेळेची मर्यादा तिथेच दिलेली असते, ती आधी वाचा. दहा मिनिटं धरलीत तर दोन-तीन मिनिटं आलाप, मग थेट छोटा ख्याल, त्यात थोडं बोल आलाप, थोड्या ताना. ऐकणारे प्राध्यापक जाणकार असतील पण ख्यालाचे असतीलच असं नाही, म्हणून चार ओळी लिहून जोडा की राग कुठला, ताल कुठला, काय ठरलेलं आहे आणि काय ती तिथल्या तिथे गातेय. हे फार उपयोगी पडतं, नाहीतर त्यांना सगळं पाठ केलेलं गाणं वाटतं. रीव्हर्ब अजिबात लावू नका. तबला-पेटीवाले समोर बसलेले दिसू देत.

पोर्टफोलिओत स्पर्धेची पोस्टर्स आणि मेमरी ड्रॉइंगची सहलीची चित्रं भरू नका. स्केचबुकची पानं द्या, अर्धवट राहिलेलीसुद्धा. गुरुजींच्या क्लासमध्ये बसून काढलेलं काही असेल तर ते आधी. चित्रांचे फोटो दिवसाउजेडी, सावली न पडता.

रेग्युलर अर्जाची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला असते, पण रेकॉर्डिंग दिवाळीच्या आत उरका, नंतर थंडीने गळे बसतात आणि बारावीची प्रॅक्टिकल्स डोक्यावर येतात. झालं की मला व्यनि करा, ऐकून सांगते.